ॲव्हरेज न देणारा देश

एखाद्या माणसाबद्दल मत विचारलं की उस्ताद आधी नखाने स्टिअरिंगवर दोनदा टकटक करायचे आणि मग निकाल द्यायचे, "आदमी चांगला हाये, पण ॲव्हरेज देत न्हाई."

ॲव्हरेज म्हणजे गाडी लिटरमागे किती किलोमीटर धावते ते. एवढं आपल्याकडे कोणालाही कळतं. पण उस्तादांच्या तोंडी तो शब्द कशालाही चिकटायचा. त्यांच्या साडूला ॲव्हरेज नव्हतं, कारण तो दोन तास बोलायचा तेव्हा कुठे एक काम करायचा. शेजारच्या दुकानातल्या कूलरला नव्हतं. घरच्या बेगमला मात्र भरपूर होतं. "एका कप चहावर सहा तास चालते. आवाज न्हाई, धूर न्हाई." हे बेगमसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती. ते गाडीत बोलायचे, तेही काच वर करून.

जालन्यात अंबड चौफुलीला त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक पत्र्याची खोली, एक बाक, वाहतुकीच्या खुणांचा उन्हाने पांढरा पडलेला तक्ता आणि बाहेर एक जुनी छोटी गाडी. उस्तादांचं वय सत्तरीला टेकलेलं. अंगात पांढरा कुर्ता-पायजमा आणि पायात, भर मे महिन्यातसुद्धा, लेसचे काळे बूट. खिशात एक डायरी. गाडीत पेट्रोल भरलं की त्या डायरीत किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा टाकी फुल्ल करेपर्यंत किती पळाली ते बघायचं आणि भागाकार करायचा. "कंपनी सांगते ते कागदावरचं ॲव्हरेज," ते म्हणायचे, "खरं ते टाकी ते टाकी." त्यांची गाडी सतरा द्यायची. हा सतरा ते अशा थाटात सांगायचे, की समोरच्याने उभं राहून ऐकावं.

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजाने. मी इथल्या एका खाजगी दवाखान्यात आठ वर्षं नर्स होते. रात्रपाळ्या करून, दुपारी झोप मोडून जर्मन शिकले, परीक्षा दिल्या, आणि अखेर तिथल्या एका लहान गावातून नोकरीचं पत्र आलं. काम घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायचं. पत्रात एक अट होती. गाडी स्वतःची हवी आणि चालवता आली पाहिजे. गावात बस होती, पण रविवारी नव्हती, आणि म्हातारी माणसं रविवारीही आजारी असतात.

मला स्कूटीसुद्धा भीतभीत यायची. पण मला जायचं होतं. कोणी ढकललं म्हणून नव्हे, कोणाला दाखवायचं म्हणून नव्हे. आठ वर्षं मी ज्या पगारावर काम केलं त्याकडे इन्कम टॅक्सवाले ढुंकूनही बघत नव्हते, आणि माझ्या हातात कसब होतं हे मला ठाऊक होतं. मला जायचंच होतं.

पहिले तीन दिवस उस्तादांनी गाडी सुरूच केली नाही. मला स्टिअरिंगवर बसवायचं आणि विचारायचं, "आता मागून काय येऊन राह्यलंय?" चौफुलीवरची सगळी रिकामी मंडळी बघत उभी. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"उस्ताद, मी आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळते. मला आरशात बघायला शिकवू नका."

"बराबर," ते म्हणाले. "व्हेंटिलेटरच्या मागून ट्रॅक्टर येतो का?"

मी आरशात बघितलं. ट्रॅक्टर येत होता.

मी कशासाठी शिकतेय हे कळल्यावर त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाने केलं नसतं. त्यांनी बियाण्याच्या कंपनीचं एक जुनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, ते उलटं करून गाडीच्या बॉनेटवर पसरलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'इथं', उजवीकडे 'तिथं'. "पोरी बिलकुल बघत न्हाईत," ते म्हणाले. "हवा बघतात, फोटो बघतात. गाडी रस्त्यावर उभी करायला खर्चा किती, हे कोनी बघत न्हाई. देश बघायचा तर टॅक्स आन गाडी, दोनच गोष्टी. बाकी हवा सगळीकडं असते."

मग रोज धड्याच्या आधी मी एक माहिती आणायची आणि ते ती तक्त्यात भरायचे. रोड टॅक्स: इथे गाडी घेताना एकदाच, तिथे दरवर्षी. "दरवर्षी? एकाच रस्त्याचा?" त्यांनी पेन्सिल दाताखाली धरली. टायर: तिथे हिवाळ्याचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. यावर ते बराच वेळ हसले. म्हणाले, "गाडीला स्वेटर!" स्टिअरिंग तिथे डाव्या हाताला, हे ऐकून मात्र खूश झाले. ते चाळीस वर्षं शिकवणाऱ्याच्या जागेवर, म्हणजे डावीकडेच बसत आले होते. विम्याचा हप्ता तिथे नवशिक्याला जास्त आणि इथला अनुभव धरत नाहीत, हे ऐकून त्यांना राग आला. त्यांनी आयुष्यात एकदाही विम्याचे पैसे मागितले नव्हते, आणि तरी तिथे गेले असते तर बहुधा नवशिक्यात धरले गेले असते. सगळ्यात जिव्हारी लागलं ते लायसन. इथलं लायसन तिथे सहाच महिने चालणार, नंतर परीक्षा पुन्हा द्यायची.

"म्हंजे मी शिकवलेलं तिथं धरत न्हाईत?"

"कोणाचंच धरत नाहीत, उस्ताद."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला रिव्हर्स गिअरमध्ये आठचा आकडा काढायला लावला. वीस मिनिटांचा धडा तासाभराचा झाला, फी तीच. परदेशातल्या कुठल्याशा परीक्षकाने आपल्या शागिर्दाला नापास करायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

टॅक्सचा रकाना भरताना आमची खरी करमणूक व्हायची. तिथे पगारातून आजारपणाचा विमा कापतात, बेकारीचा कापतात, आणि म्हातारपणी कोणीतरी काळजी घ्यावी म्हणून वेगळा कापतात. उस्तादांनी डोळे बारीक केले. "म्हंजे हे लोक म्हातारे व्हायचे पैसे आधी भरतात, आन मंग तुला बोलावतात. बराबर हिशेब हाये." फॉर्मवर धर्म लिहायचा रकाना आहे आणि चर्चच्या सभासदांना त्याचा वेगळा कर पडतो, हे सांगितल्यावर ते सरसावून बसले. "तू बौद्ध. तुला?" मला नाही, म्हटलं. "मला?" तुम्हालाही नाही. "मंग चांगलाय देश," म्हणून त्यांनी दोन्ही नावांपुढे शून्य काढलं. स्वतःचं नाव त्यांनी तिथे का लिहिलं होतं कोण जाणे.

टॅक्सची एक ओळ मात्र गमतीची नव्हती. नवरा-बायको दोघं तिथे राहिले तर टॅक्स कमी पडू शकतो. नवरा इकडे राहिला तर मला एकटी धरणार आणि एकटीचा जास्त कापणार. उस्तादांनी ठळक अक्षरात लिहिलं: 'नवरा सोबत', 'नवरा जालन्यात', आणि दोन्हीतला फरक काढून खाली दोन रेघा मारल्या.

नवरा सोबत येणार की नाही हे मलाच माहीत नव्हतं. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणुका, दुकानांची उद्घाटनं, सगळं त्याच्याकडे छापलं जातं. तो थेट नाही म्हणत नव्हता. म्हणत होता, "उस्तादांचा तक्ता पूर्ण होऊ दे. आकडे बघू, मग ठरवू." माझे सासरे निवृत्त शिक्षक. त्यांचा आकड्यांवर विश्वास, आणि गावातल्या निम्म्या गाड्या ज्याने शिकवल्या त्या उस्तादांवर त्याहून जास्त. घरात असं ठरलं की तक्ता सांगेल ते. तिकडे मला होकार किंवा नकार एका सोमवारपर्यंत कळवायचा होता.

शेवटची ओळ राहिली होती ॲव्हरेजची. माझ्या होणाऱ्या वरिष्ठ बाई तिथली आपली जुनी लहान गाडी मला विकायला तयार होत्या. एका टाकीत आपण बहिणीकडे जाऊन येतो अशा कौतुकासह त्यांनी गाडीची माहिती पाठवली. त्यात एका ठिकाणी सरासरी इंधन की काय असा जर्मन शब्द होता आणि पुढे ५.४. सरासरी म्हणजेच ॲव्हरेज. मी ड्यूटीवरून आलेली, डोळ्यांत झोप. लिहून टाकलं, ॲव्हरेज ५.४.

उस्तादांनी चष्मा काढला, कुर्त्याला पुसला, पुन्हा घातला.

"पाच?"

"पाच पॉइंट चार."

"लिटरला पाच तर ट्रक देतो, बेटी! उसाचा!"

त्यांनी गुणाकार केले, भागाकार केले, माझ्या रोजच्या फेऱ्या मोजल्या, तिथल्या पेट्रोलच्या भावाने गुणलं. माझा निम्मा पगार टाकीत जात होता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मोठ्या दुःखाने निकाल दिला, "जर्मनी परवडत न्हाई. बाकी सगळं ठीक हाये, पण देश ॲव्हरेज देत न्हाई."

आणि हे त्यांनी मलाच सांगितलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण उस्तादांच्या पोटात निकाल राहत नसे. पेट्रोल पंपावर सांगितलं, पंक्चरवाल्याला सांगितलं, कादराबादेत साडूला सांगितलं, आणि संध्याकाळी फूल बाजारात सासरे भेटले तर त्यांनाही सांगितलं. घरी आले तेव्हा सासऱ्यांचा चेहरा पडला होता. ते मनापासून म्हणाले, "बाळा, आपण प्रयत्न केला." नवऱ्याचा चेहरा पडला नव्हता. त्याने त्या दिवशी येताना आइस्क्रीम आणलं. मला ते आइस्क्रीम त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

खरं सांगते, मीही डळमळले. चार दिवस मी नकाराचं पत्र मनात लिहीत होते आणि मनातच फाडत होते. एकदा वाटायचं की पाचाने चालणारी तर पाचाने, भरू पेट्रोल. मग त्यांचा गुणाकार आठवायचा.

शनिवारी दुपारी मी वॉर्डात सलाईन लावत होते. दारात गलका झाला. उस्ताद वॉचमनला बाजूला सारून आत आले होते, हातात कॅलेंडर.

"बेटी, त्या बाईची टाकी किती लिटरची हाये?"

"उस्ताद, हा वॉर्ड आहे!"

"चाळीस! कागदात लिवलंय. आन तूच सांगितलं व्हतं ना, ती बाई एका टाकीत बहिणीकडं जाऊन येती, सातशे किलोमीटर? लिटरला पाच देणारी गाडी चाळीस लिटरात सातशे कशी जाईल? दोनशे सोळाला बंद पडंल! चार दिवस झोपलो न्हाई मी. एक तर बाई खोटं बोलती, न्हाई तर कागद. आन आज पहाटं फज्रच्या नमाजला उठलो तवा डोक्यात आलं. ते उलटं लिवतात!"

उलटंच लिहीत होते. लिटरमागे किती किलोमीटर, असं नव्हे, तर शंभर किलोमीटरला किती लिटर. तिथे ५.४ म्हणजे शंभर किलोमीटरला साडेपाचच्या आतबाहेर लिटर. आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली. आपल्याकडे ज्याला ॲव्हरेज म्हणतात ते तिथे कोणी मोजतच नाही, आणि जर्मनच्या तीन परीक्षा दिलेल्या मी एका मराठमोळ्या शब्दापायी आपलाच घात केला होता. आपलं ॲव्हरेज कुठल्या भाषेतून आलं याच्याशी इथे संबंध नाही. ते आता आपलंच आहे.

"लिटरला साडेअठरा," उस्ताद म्हणाले. मग आवाज जरा उतरला. "माझ्या गाडीपेक्षा दीड जास्त."

सलाईन लावलेल्या आजोबांनी उशीवरूनच विचारलं, "कोणती गाडी?"

मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन सांगायचं. उस्तादांना तेवढं पुरेसं नव्हतं. रविवारी सकाळी चौफुलीवर गेले तर ते डायरी उघडून बसलेले. चुकीचं कोणाकोणाला सांगितलं त्याची त्यांनी यादी केली होती. सात नावं होती.

"चल. सातही जणांकडं जायचंय. तूच चालव."

"बाजारातून?" आजवर त्यांनी मला अंबड रोडच्या पुढे नेलं नव्हतं. "मला नाही जमणार."

"चूक दोघांची हाये ना? मंग दोघं जाऊ."

शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. त्या सकाळी उस्तादांनी आपल्या बाजूचा ब्रेक दोनदा दाबला. एकदा गांधी चमनजवळ, एका म्हशीसाठी, आणि एकदा फूल बाजारात, तिथे दाबायची गरज नव्हती. मामा चौकात गाडी तीन वेळा बंद पडली, मागचे हॉर्न बोंबलत होते, आणि ते शांतपणे म्हणत होते, "त्यांना घाई हाये, आपल्याला काम हाये." प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली की ते काच खाली करत आणि कोर्टात साक्ष द्यावी तसं बोलत, "परवा मी तुमाला जर्मनीचं सांगितलं ते चूक व्हतं. साडेअठरा देते. चूक माझी."

पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून म्हणाला, "कोन जर्मनी?" पंपावरच्या पोऱ्याला काही आठवत नव्हतं. साडू तर भांडायलाच उठला, मी कधी विचारलं होतं म्हणून. उस्ताद ऐकून घ्यायचे आणि डायरीतलं नाव खोडायचे. सत्तरीचा माणूस, गावात शब्दाला मान, आणि ज्यांना ती गोष्ट आठवतही नव्हती त्यांच्याकडे जाऊन मी चुकलो म्हणत होता. मला हसू येत होतं आणि त्यांचा अभिमानही वाटत होता. मी समोर बघून गाडी चालवली.

सातवं नाव सासऱ्यांचं. मी गाडी आमच्या दारात लावली. जिना चढून उस्ताद वर आले, सासऱ्यांना जयभीम घातला. सासरे सलाम म्हणाले. कॅलेंडर टेबलावर पसरलं गेलं. उस्तादांनी पाच खोडून साडेअठरा केले होते, खालची सगळी बेरीज नव्याने केली होती.

"गुरुजी, मी चुकलो. देश परवडतो."

सासऱ्यांनी चष्मा लावून सगळा तक्ता वाचला, शिक्षकाने पेपर तपासावा तसा. मान डोलावली. पण नवरा टेबलाकडे आलाच नाही.

"आता राहू द्या उस्ताद," तो म्हणाला. "आमचं ठरलंय."

"चुकीच्या आकड्यावर ठरलेलं ठरलेलं नस्तं, बेटा."

"आकडा, आकडा!" तो एकदम उसळला. मी त्याला इतक्या मोठ्याने बोलताना लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. "मी आहे की तुमच्या आकड्यात. 'नवरा सोबत', एवढी टॅक्सची सवलत. तिथं मी दिवसभर काय करायचं? कोणाचे फ्लेक्स छापायचे? ते कुठल्या रकान्यात लिहिलंय, दाखवा ना."

सासऱ्यांनी चष्मा काढला. आइस्क्रीमचा अर्थ मला तेव्हा कळला. त्याला आनंद झाला नव्हता, सुटका झाली होती. इतके दिवस हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

उस्तादांनी तक्त्यावरून वरून खाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ही ओळ राह्यली," ते म्हणाले. "खरंच राह्यली. पन ही मला भरता येत न्हाई."

मी म्हणाले, "ती तुझी तू भर. मी तुला ओढून नेणार नाही आणि तुझ्यासाठी थांबणारही नाही. तू आलास तर मला फार आनंद होईल, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही म्हणून आता तोंडाने सांगते. पण उद्या मी होकार कळवणार आहे. एकटीचा टॅक्स जास्त पडतो. पडू दे."

सासरे हळूच म्हणाले, "कळव." एवढंच म्हणाले. नवरा खिडकीबाहेर बघत उभा होता.

उस्तादांनी कॅलेंडरची गुंडाळी केली आणि ती टेबलावरच ठेवली. "मला घरी सोड, बेटी," म्हणाले.

खाली येऊन मी गाडीत बसले, पट्टा लावला. उस्ताद नेहमीच्या डाव्या दाराशी आलेच नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले, एखाद्या सवारीसारखे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"उस्ताद, पुढं या ना."

"न्हाई. आता पुढं काम न्हाई माझं."

मी चावी फिरवणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नवरा आला. गाडीला फेरी मारून पुढचं डावं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आत बसला. त्याच्या पायाशी ब्रेक होता, क्लच होता. तो आयुष्यात पहिल्यांदाच अशा गाडीत बसत होता. त्याने पाय उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग मान वळवून मागे विचारलं, "उस्ताद, याचं मी काय करायचं?"

"काई न्हाई," उस्ताद म्हणाले. "त्याच्यापासून पाय दूर ठेवायचा आन तिच्या बाजूला बसायचं. लई कठीन हाये. मला चाळीस वर्षं लागली."

मी आरशात बघितलं. मागे रस्ता मोकळा होता. मी पहिला गिअर टाकला.